समुद्र सर्वांचा, सातबारा कोणाचा?

आपण नाशिककर गोदाकाठची माणसे. आपली नदी पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र त्या मानाने जवळ, पण आपल्याला तो सहलीपुरताच ठाऊक. मे महिन्यात श्रीवर्धन-दिवेआगरला जायचे, ताजी मासळी खायची, मुलांना वाळूत खेळवायचे आणि परतायचे. जून लागल्यावर तिथली माणसे कशी राहतात, हे आपण विचारत नाही.

श्रीवर्धन हे रायगड जिल्ह्यातील लहानसे नगरपरिषदेचे गाव. पुढे समुद्र, मागे डोंगर, मध्ये नारळ-सुपारीच्या वाड्या. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. गावात रेल्वे नाही. माणगावला उतरून एस.टी. धरावी लागते. जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. म्हणून मे संपण्याआधी घरोघरी आगोटीची तयारी चालते. सोडे, सुकट, बोंबील, तांदूळ, मसाला, लाकूडफाटा, सारे भरून ठेवायचे. हा भार बहुतेक भगिनींच्याच अंगावर असतो, कारण घरचा कर्ता पुष्कळदा मुंबईला चाकरीत.

अशा ऐन आगोटीत, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. त्याच रात्री त्याचा पाऊस आपल्या नाशिकलाही झोडपून गेला. आपण दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घातले. तिकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. सुपारीचे झाड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. सरकारने मदत ठरवली ती झाडामागे: सुपारीला ५० रुपये, नारळाला २५० रुपये. बागायतदाराला ती तुटपुंजी वाटली, आणि ते खरेच होते.

पण वाडीवर आणखीही माणसे जगतात. झाडावर चढून सुपारी उतरवणारा गडी, ती सोलणारी बाई, शिंपणे करणारा मजूर. झाडे गेली तशी त्यांची सहा-सात वर्षांची मजुरीही गेली. घर पडले तर त्याचा पंचनामा होतो. बुडालेल्या मजुरीचा होत नाही. मी कारकुनी करणारा माणूस, म्हणून सांगतो: कागदावर ज्याला रकाना नाही, तो माणूस कचेरीला दिसत नाही.

जमीन एकाची आणि राबणारा दुसरा, हे कोकणाचे जुने दुखणे आहे. श्रीवर्धन तेव्हा जंजिरा संस्थानात होते. शेजारच्या कुलाबा-रत्नागिरीत खोतांचा अंमल होता. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ साली झाला. कुळाला त्यातून वाट मिळाली. ज्याच्याकडे कुळाचाही हक्क नव्हता, तो रोजंदारीवरच राहिला.

हे आपल्यापासून दूर नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर गारपीट झाली की पंचनामा बागेचा होतो. पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर गाठोडे उचलून परत जातात. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. आपापल्या गावात कोण कोणाच्या बागेत किती दिवस राबतो, याची साधी वही ठेवावी, आणि पंचनाम्यात मजुरीचा रकाना मागावा. वादळ आल्यावर वही शोधून उपयोग नाही. ती आगोटीसारखी आधीच भरून ठेवावी लागते.