बाटलीवरचे मौन

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, इंदापूरमार्गे पंढरीला जाते. या वाटेवरील कितीतरी घरे माळकरी. मत्स्याहार तेथे वर्ज्य. अशा घरातील लेक ‘मरीन कोलॅजेन’युक्त लोशन चेहऱ्याला लावते, तेव्हा हे प्रथिन माशांच्या कातडीतून व खवल्यांतून काढलेले असते, हे तिला कोण सांगणार?

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह सक्तीचे आहे. प्रसाधनांवरही ते असावे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो रद्द केला. परिणामी हे चिन्ह आज उत्पादकाच्या मर्जीवर आहे.

जाहिरातींचेही तसेच. कोलॅजेनचा रेणू मोठा असल्याने तो निरोगी त्वचेच्या आत शिरत नाही. वर राहून ओलावा धरून ठेवतो, इतकेच. त्वचेतील झिजलेले कोलॅजेन त्याने भरून निघेल, ही आशा व्यर्थ होय.

यात मच्छीमाराचा काय दोष? इंदापूर तालुक्यातील भिगवणचा मासळीबाजार उजनी जलाशयावर जगतो. तेथे विपुल सापडणाऱ्या चिलापीच्या खवल्यांपासूनही कोलॅजेन निघते. टाकाऊ खवल्यांना मोल मिळून कष्टकऱ्याच्या पदरी चार पैसे पडले, तर त्याचे स्वागतच व्हावे. मात्र गोड्या पाण्यातील मासळीला ‘सागरी’ म्हणून विकू नये आणि ‘माशापासून’ हा एक शब्द ठळक मराठीत छापावा. तो वाचून कोणी घेईल, कोणी ठेवून देईल. व्रत ज्याचे, निर्णयही त्याचाच असला पाहिजे.