पडद्यावरचा वर्गमित्र

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी सर्वदूर परिचित आहे. दौंड-सोलापूर लोहमार्गावरील या गावात एखाद्या मुलाच्या कानाला श्रवणयंत्र असेल, तर आपल्यासारखे दुसरे मूल त्याला कुठे भेटणार? विशेष शाळा आणि तज्ज्ञ शहरात. घरी आहे तो दूरचित्रवाणी संच. त्या पडद्यावरही ते मूल दिसत नसेल, तर ‘तू वेगळा आहेस’ एवढाच धडा त्याच्या वाट्याला येतो.

आपल्याकडे आजारी वा दिव्यांग मूल पडद्यावर येते, ते बहुधा दोनच रूपांत. एक तर ते करुणेचा विषय असते, नाहीतर चमत्काराचा. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांची प्रज्ञा वंदनीयच आहे. परंतु प्रत्येक अंध बालकाने तसे अलौकिक व्हावे, तरच त्याची दखल घेऊ, हा कुठला न्याय? त्याला गणितात कमी गुण मिळोत, त्याने खोड्या कराव्यात, डबा वाटून खावा. अशा साध्या वर्गमित्राचे दर्शन मुलांना घडायला हवे.

हे अशक्य नाही. दक्षिण आफ्रिकेतील ‘ताकालानी सेसमी’ या बालकार्यक्रमात २००२ साली कामी ही एचआयव्हीबाधित बाहुली आली. तिच्यासोबत खेळल्याने रोग होत नाही, हे मुले व्याख्यानातून नव्हे, खेळातून शिकली. अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये २०१७ साली स्वमग्न ज्यूलिया दाखल झाली.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही त्यात आहेत. जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. दिव्यांगांची टवाळी नको, त्यांना अतिमानव ठरवणेही नको आणि चित्रण करताना त्यांचाच सल्ला घ्यावा, हा त्यांचा आशय. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पीएम ई-विद्या’ची भारतीय सांकेतिक भाषेसाठीची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, हेही स्वागतार्ह पाऊल. मात्र स्वतंत्र वाहिनी दिव्यांग मुलापर्यंत पोहोचते. त्याच्या बाकावरील सोबत्याचे मन घडवायचे, तर सर्वांच्या कार्यक्रमातच त्याला जागा हवी.

तेथे मराठीची स्थिती चिंताजनक आहे. १९८४ साली पुण्यात स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद पडली. महामारीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, तेव्हा मराठी शैक्षणिक दूरचित्रवाणीची गरज पुन्हा प्रत्ययास आली. मुलांच्या बोलीत, त्यांच्या परिसरातील कथा सांगणारी कायमस्वरूपी व्यवस्था शासनाने उभी केली पाहिजे. तिच्या लेखनकक्षात दिव्यांग व्यक्तींना आणि त्यांच्या पालकांना हक्काचे स्थान असावे.

घराची जबाबदारीही कमी नाही. ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ ही म्हण आपण किती सहज उच्चारतो! ‘त्याचा पाय असा का?’ असे मुलाने विचारले की आपण त्याला गप्प बसवतो. वस्तुतः त्या प्रश्नात कुचेष्टा नसते, कुतूहल असते. त्याला सरळ उत्तर मिळाले, तर मैत्री होते. न मिळाल्यास टोपणनाव पडते.

केममधल्या त्या मुलाला सहानुभूती नको आहे. मधल्या सुटीत खेळायला हाक मारणारा सोबती त्याला हवा आहे. असे सोबती घडवणे हेच बालशिक्षणाचे कार्य होय.