शिखरावरच्या गारठ्याची तयारी पायथ्याशी

डिसेंबर लागला की शनिवार-रविवारी नाशिक, पुणे, मुंबईहून कळसूबाईच्या पायथ्याशी गाड्यांची रीघ लागते. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. वाट मळलेली, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. डोंगराची ओळख नसलेल्या माणसाने सुरुवात करावी ती इथून, असं मी स्वतः अनेकांना सांगत आले आहे. मला काळजी वाटते ती वेगळीच. हे लोक पाणी, बूट, खाऊ यांची तयारी नीट करून येतात आणि अंगावर काय घालायचं हे मात्र त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं.

आयोजकांची सूचना आदल्या दिवशी मोबाइलवर येते. दोन लिटर पाणी, चांगल्या पकडीचे बूट, टोपी, ओळखपत्र, आणि शेवटी ‘स्वेटर किंवा जाकीट आणावे’. ते कधी घालायचं, कधी काढायचं, त्याच्या आत काय असावं, यावर अक्षर नाही. मी नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर रविवारचे डोंगर करणाऱ्या एका गटाबरोबर जाते आणि नव्याने येणाऱ्यांची तयारी बघायचं काम माझ्याकडे असतं. म्हणून हे लिहिते आहे.

अकोले तालुक्यातल्या बारी गावात पहाटे सहाला गाडीतून उतरलं की अंगावर काटा येतो. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून ओघळत सखल भागात साचते. निफाडचा पारा महाबळेश्वरच्याही खाली गेल्याची बातमी हिवाळ्यात आपण वाचतो, तिच्यामागे हेही एक कारण आहे. पहाटेच्या वेळी पायथा कधीकधी वरच्या उतारापेक्षाही गार असतो. नवा माणूस साहजिकच पिशवीतलं सगळं अंगावर चढवतो. आत सुती बनियन, त्यावर सुती टी-शर्ट, त्यावर जाड सुती हुडी, खाली जीन्स. असा जामानिमा करून तो चढायला लागतो.

बारीपासून माथ्यापर्यंत आठ-नऊशे मीटरची चढण आहे. पहिल्या अर्ध्या तासातच अंग तापतं आणि घाम सुटतो. तरीही हुडी कुणी काढत नाही. एक तर थांबलं तर मागे पडू ही भीती, दुसरं म्हणजे काढलेली हुडी ठेवायला पाठीवरच्या चिमुकल्या पिशवीत जागा नसते. पहिल्या शिडीपर्यंत पोचेतो पाठ चिंब झालेली असते. आणि शिडीशी रांग! सुट्टीच्या दिवशी इथे बराच वेळ ताटकळावं लागतं, तेही कड्याच्या उघड्या अंगाला, वाऱ्यात. चढताना शरीराने जी उष्णता निर्माण केली, ती पाय थांबताच कमी होते, आणि घाम मात्र कपड्यात तसाच असतो. माझ्या अनुभवात माणसं काकडायला लागतात ती माथ्यावर नव्हे, या रांगेत.

एक ग्रॅम घाम सुकायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. सुती कपड्याने २०० ग्रॅम घाम धरून ठेवला, तर तो सुकवायला सुमारे ११५ किलोकॅलरी लागतील. कपडा अंगाला चिकटलेला असेल तर त्यातला मोठा वाटा शरीरातूनच जातो. स्वस्थ बसलेलं शरीर तासाभरात साधारण एवढीच किंवा याहून थोडी कमी उष्णता निर्माण करतं. शिवाय स्थिर हवेच्या तुलनेत पाणी उष्णता वाहून नेतं ते वीस-पंचवीस पट वेगाने. त्यावर वारा. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोन संशोधकांनी अंटार्क्टिकात पाणी गोठायला किती वेळ लागतो हे निरनिराळ्या वाऱ्यात मोजलं आणि १९४५ साली ते प्रसिद्ध केलं. वाऱ्यामुळे थंडी किती जास्त भासते याचं गणित तिथून सुरू झालं. आज वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ते शून्य अंशासारखं लागतं. हा हिशेब कोरड्या कातडीचा आहे. ओल्या अंगाचा त्याहून वाईट.

शाळेत मी मुलांच्या एका मनगटाला ओला सुती रुमाल गुंडाळायचे, दुसऱ्याला ओल्या लोकरी मफलरची पट्टी, आणि टेबलावरचा पंखा सुरू करायचे. दोन मिनिटांत मुलं सुती रुमालाचा हात मागे घ्यायची. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेतो तरी हाताला ओला लागत नाही, आणि त्याच्या कुरळेपणामुळे त्यात हवा अडकून राहते. सुती धागा पाण्याने फुगतो, लोळागोळा होतो, हवा निघून जाते. ज्या गुणासाठी आपण वैशाखात सुती कपडे घालतो, तोच गुण पौषात डोंगरावर घातक ठरतो.

हे ज्ञान बाहेरून आणायची गरज नाही. सह्याद्रीच्या पावसावाऱ्यात मेंढरांमागे हिंडणारा धनगर घोंगडी घेऊन हिंडतो. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी भिजली तरी ऊब देते, वारा अडवते, रात्री अंथरूण होते. बारीतले गावकरी माथ्यावरच्या टपऱ्यांसाठी सामान डोक्यावर घेऊन चढतात, ते मी पुष्कळदा निरखलं आहे. चढताना अंगात पातळ सदरा, तोही गळ्याशी उघडा. पहाटेची थंडी ते तशीच सोसतात, कारण ती थोड्याच वेळाची आहे हे त्यांना ठाऊक असतं. वर पोचल्यावर ओझं उतरवून एक जण आधी घामाचा सदरा काढतो, कोरडा घालतो, वर स्वेटर आणि कानाला टॉवेल, आणि मग स्टोव्ह पेटवतो. डोंगरातल्या कपड्यांचं सगळं शास्त्र त्यात आलं. गारठतच निघायचं, चढताना कमीत कमी घालायचं, थांबल्याबरोबर कोरडं आणि उबदार व्हायचं.

शहरातली मंडळी याच्या नेमकं उलट करतात, आणि यात आता दुसऱ्या टोकाची भर पडली आहे. समाजमाध्यमांवरच्या हिमालयातल्या याद्या पाहून लोक कळसूबाईला थर्मल घालून येतात, पिसांचं जाकीट घालून चढतात. पिसांचं जाकीट घामाने आतून ओलं झालं की पिसं चिकटून बसतात आणि त्याची ऊब जाते. आणि जीन्सच्या आत थर्मल घातलेल्या माणसाने दुपारी करायचं काय? सह्याद्रीतला हिवाळी दिवस पहाटे आठ-दहा अंशांवर सुरू होतो आणि उतरताना उन्हात पंचवीसच्या पुढे जातो. ती विजार काढायला वाटेत जागा नसते. आपल्या डोंगरांचा हिवाळा एका दिवसात दोन ऋतू दाखवतो. म्हणून झटकन काढता आणि झटकन घालता येतील असे पातळ थर इथे हवेत. एकच जाड कपडा इथे निरुपयोगी.

त्यासाठी खरेदी लागत नाही, हे मी आग्रहाने सांगते. आत मुलांचा क्रिकेट-फुटबॉलचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट. तो घाम धरून ठेवत नाही. त्यावर घरात असेल तो स्वेटर, आईने विणलेला असो की तिबेटी स्वेटरवाल्यांकडून घेतलेला. लोकर असेल तर उत्तमच, पण अ‍ॅक्रिलिकही सुतापेक्षा कितीतरी बरं. सर्वांत वर वारा अडवणारं काहीतरी, आणि ते तर प्रत्येक डोंगरवाल्याकडे आहेच. पावसाळी ट्रेकला नेलेलं विंडचीटर दसऱ्याला माळ्यावर जातं ते थेट जूनमध्ये खाली येतं. ते पौषातही पिशवीत हवं. जीन्सऐवजी साधी ट्रॅकपँट. कानटोपी, मोजांचा जास्तीचा जोड, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा फुलबाह्यांचा टी-शर्ट. एव्हरेस्टवर १९२४ साली गेलेल्या जॉर्ज मॅलरीच्या अंगावरही रेशीम, सूत, लोकर आणि वर गॅबर्डिन असे पातळ थरच होते. त्याचा देह १९९९ साली सापडला, त्याच्या कपड्यांची हुबेहूब नक्कल करून २००६ मध्ये ती एव्हरेस्टवर घालून पाहिली गेली आणि थर चांगलं काम देतात असं दिसलं.

जुने डोंगरवाले मला सांगतात की आम्ही सुती सदऱ्यावर हरिश्चंद्रगड केला, आम्हाला काय झालं? त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते चार-सहा जण मिळून जात, आपल्या चालीने चढत, शिडीच्या रांगेत शंभर माणसांमागे उभे राहत नसत, आणि पाठीवर घोंगडी किंवा जाड सोलापुरी चादर असे. आज येणाऱ्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे आयोजकाची एक ओळ असते.

गेल्या पौषात माथ्यावर आमच्या गटातली एक मुलगी देवळाच्या आडोशाला बसली होती. सगळे फोटो काढत होते, ती काही बोलत नव्हती. मी तिला डबा उघडायला सांगितला, तर तिला पिशवीची चेन धरता येईना. अंग थडथडत होतं, बोलणं अडखळत होतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरायला लागल्याची हीच लक्षणं: हुडहुडी, बोटांची नजाकत जाणं, जीभ जड होणं, पाय अडखळणं, आणि पुढे हुडहुडीही थांबणं, जे सर्वांत धोक्याचं. यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे आणि वारा असेल तर दहा अंशांतही हे होऊ शकतं. तिच्या अंगातली सुती हुडी पिळली असती तर पाणी निघालं असतं.

तिला ओल्या कपड्यांतून बाहेर काढणं हा पहिला उपाय. आणि तिथे मला लख्ख दिसलं की हिवाळी डोंगरांच्या सगळ्या सूचना पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिल्या आहेत. ‘माथ्यावर पोचताच ओला टी-शर्ट बदला’, असं जाणकार लिहितात. मुलगे जिथे उभे असतात तिथेच टी-शर्ट काढून कोरडा घालतात. शेकडो माणसांनी भरलेल्या उघड्या माथ्यावर बाईने काय करायचं? बाई कपडे बदलत नाही. ती ओल्या कुडत्यावर, ओल्या आतल्या कपड्यांवर स्वेटर चढवते आणि कुडकुडत खाली उतरते. कितीतरी जणींना हे इतकं सवयीचं झालं आहे की त्याबद्दल तक्रार करायची असते हेही त्यांच्या मनात येत नाही. त्या दिवशी आम्ही चौघींनी एक जुनं नऊवारी लुगडं चारी बाजूंनी धरलं, आत तिला कोरडे कपडे घालायला लावले, मफलर, दोन स्वेटर, माझं विंडचीटर, गूळ आणि गरम चहा. तासाभरात ती नीट बोलू लागली. ते लुगडं मी पिशवीत ठेवते. वजन काही फार नाही, आणि नऊ वार कापडात चौघी उभ्या राहिल्या की पक्की खोली होते.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं, आयोजकांच्या नोंदणीची चर्चा त्यानंतर होत राहिली. नोंदणी हवीच. पण कागद पूर्ण असलेला आयोजकही घामाने चिंब माणसांना वाऱ्यात तासभर उभं करू शकतो. म्हणून माझी मागणी थेट गटांच्या लीडरकडे आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत सहली गडांवर नेणाऱ्या शाळांकडेही. निघण्याआधी आठवड्यात एक संध्याकाळ काढा आणि प्रत्येकाला आपले कपडे घेऊन बोलवा, हात लावून बघा. गाडीतून उतरल्यावर थोडं गारठूनच चालायला लावा. वीस मिनिटांनी सक्तीने थांबा आणि एकेक थर उतरवू द्या. हे थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे. शिडीची रांग दिसली की ती लागण्याआधी विंडचीटर घालायला सांगा. गटाच्या पिशवीत दोन-तीन जास्तीचे स्वेटर ठेवा, म्हणजे वसतिगृहात राहणाऱ्या, एकाच स्वेटरवर हिवाळा काढणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर ‘माझ्याकडे नाही’ असं म्हणावं लागणार नाही.

आणि ट्रेकच्या जाहिरातीत सूर्योदयाच्या फोटोखाली एवढं लिहा की वर बायकांना कपडे बदलायला आडोसा असेल की नाही. कुठल्याही गटात नाव नोंदवताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक मुलीला तो विचारायला सांगते.