उत्तरपट आणि त्रिपुरीचा निकष

‘रॉकी’ (१९७६) या मुष्टियोद्ध्याच्या चित्रपटास ऑस्कर लाभले. १९७९ मध्ये त्याचा उत्तरपट ‘रॉकी २’ आला, तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी ‘पुनरावृत्ती’ या एका शब्दात त्याची बोळवण केली. तोच नायक, तोच प्रतिस्पर्धी, तीच पंधरा फेऱ्यांची झुंज. आक्षेप निराधार नव्हता. परंतु पुनरावृत्ती हे वर्णन झाले, मूल्यमापन नव्हे.

जबलपूरनजीकचे तेवर म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. तेथील राजसभेशी दहाव्या शतकात संबंध आलेल्या आणि स्वतःस भवभूतीचा अवतार मानणाऱ्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त उसन्या अर्थाचे भेद पाडले आहेत. ‘प्रतिबिंबकल्प’ त्याला त्याज्य वाटतो. ‘आलेख्यप्रख्या’त किंचित संस्काराने वस्तू निराळी भासते. आपल्या तौलनिक अभ्यासकांना ही परिभाषा सहसा आठवत नाही, हे नवलच. ‘रॉकी २’ दुसऱ्या भेदात सहज बसतो.

मात्र एवढ्याने भागत नाही. पूर्वपटात नायक गुणांवर हरतो. अखेरपर्यंत उभे राहणे हीच त्याची सार्थकता. उत्तरपटात दोघेही कोसळतात, दहा अंक मोजून होण्यापूर्वी नायक उठतो आणि जिंकतो. तेवढ्या क्षणांत पूर्वीच्या पराभवाचे मोल उणावते. लेखक-दिग्दर्शक स्टॅलोनने जुने फार राखले, हा त्याचा दोष नव्हे. राखावयाचे तेच त्याने बदलले. शेवट भवभूतीनेही बदलला. ‘उत्तररामचरिता’त त्याने सीतारामांचे पुनर्मीलन घडविले, पण तत्पूर्वीचा शोक त्याने खोटा ठरू दिला नाही.