मोहन कोणत्या तेलाचे?

वसुबारसेच्या आधी दोन दिवस लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन घालून माणूस बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या एका खिशात हिशेबपट्टी असते आणि दुसऱ्या खिशात घरून लिहून दिलेली यादी. रवा, मैदा, चणाडाळ, साखर, पोहे आणि सगळ्यांच्या वर तेल. किराणा दुकानदार विचारतो, ‘‘कोणतं देऊ?’’ तो म्हणतो, ‘‘स्वस्तातलं द्या.’’ स्वस्तातले म्हणजे बहुतेक वेळा पामतेल. इंडोनेशियात नाहीतर मलेशियात पिकलेले, जहाजाने आलेले, आपल्याकडे शुद्ध होऊन पाकिटात भरलेले. सकाळी त्याने विकलेल्या प्रत्येक क्विंटलात अठराएक किलो तेल होते. संध्याकाळी घरी चकलीच्या भाजणीत मोहन पडते ते मात्र विकत आणलेल्या परक्या तेलाचे.

2025 मध्ये तर विकायलाही फारसे उरले नव्हते. सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना पात्र सोडून वाहिल्या. धाराशिव, बीड, लातूर, सोलापूरच्या शिवारांत कापणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, काही ठिकाणी शेंगेतच दाण्याला कोंब फुटले. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव होता 5,328 रुपये क्विंटल. बाजार चार हजारांच्या आगेमागे, आणि डागी मालाला त्याहून कितीतरी खाली. हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 12 टक्क्यांची, आणि आभाळाने ती पाळली नाही. अशा माणसाला तेल निवडायला सांगणे ही थट्टा वाटावी. तरीही त्या वर्षी ती थट्टा चालूच होती. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावल्यावर स्वदेशीचा घोष वाढला, दुकानांवर ‘स्वदेशी’च्या पाट्या लावा असे आवाहन थेट पंतप्रधानांनी केले. पाटी लावायला हरकत नाही. प्रश्न इतकाच, की ती तेलाच्या कोणत्या फळीवर लावायची?

कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. पामतेल सोडा, ज्या पाकिटावर सोयाबीन तेल असे लिहिलेले असते, त्यातलेही पुष्कळसे कच्चे तेल अर्जेंटिना-ब्राझीलचे असते. पत्ता महाराष्ट्रातल्या कारखान्याचा, चित्र हिरव्यागार शेताचे, आणि आतले तेल कुठल्या मातीतले, हे पाकीट सांगत नाही. गंमत पुढेच आहे. जनुकबदल केलेले सोयाबीन पेरायला आपल्या शेतकऱ्याला परवानगी नाही. त्याच सोयाबीनचे तेल बंदरात मात्र रीतसर उतरते. डाळीचे तेच. दाणाबाजारातल्या व्यापाऱ्याला लेमन तूर म्हणजे म्यानमारची आणि गजरी म्हणजे आफ्रिकेची हे पोत्याकडे नजर टाकताच कळते. ती भरडून, पॉलिश होऊन गल्लीतल्या दुकानात पोहोचली की नुसती तूरडाळ होते. बेसनाबद्दल तर बोलायलाच नको. कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा 2023 च्या डिसेंबरात शुल्काविना खुला झाला आणि हरभऱ्याच्या पिठात वाटाण्याचे पीठ मिसळण्याची जुनी कला अधिकच परवडू लागली. लाडू टाळूला चिकटला तर दोष भाजणाऱ्या हाताला लागतो.

तेव्हा गृहिणीने देशी घ्यावे, चार पैसे जास्त मोजावेत, हा उपदेश आम्हाला पटत नाही. ज्या निवडीची माहितीच दिलेली नाही, तिचे पुण्य आणि पाप दोन्ही तिच्या पदरात टाकणे अन्यायाचे आहे. ज्यांना माहिती आहे आणि परवडतेही, ते आपली सोय करून मोकळे झाले आहेत. पुण्यात, ठाण्यात चौकाचौकांत लाकडी घाणे आले आहेत. तिथले करडईचे तेल पामतेलाच्या दुपटीने, कधी त्याहूनही महाग. पन्नास वर्षांपूर्वी हेच मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या सामान्य घरातले रोजचे तेल होते. रब्बीच्या ज्वारीभोवती करडईचे तास असायचे. काटेरी झाडाचे कुंपण झाले की गुरे आत शिरत नसत आणि वर्षाचे तेलही सुटे. पुढे काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेना, भावाचा भरवसा उरला नाही आणि खरिपात सोयाबीनने जमीन व्यापली. गरिबाच्या घरातून उठलेले तेल श्रीमंताच्या घरी आरोग्य म्हणून बसले. घाणेवाल्याला आम्ही नावे ठेवत नाही. तो जगला पाहिजे. पण त्या काचेच्या बाटलीने स्वदेशीचा प्रश्न सुटला असे समजण्यात अर्थ नाही.

आयात म्हणजे पाप, असेही आम्हाला म्हणायचे नाही. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडायला सांगितले, तेव्हा अमेरिकेचा गहू पीएल-480 या तिथल्या अन्नसाहाय्य कायद्याखाली बंदरात उतरतच होता आणि त्याच्याशिवाय निभत नव्हते. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नसे, हे सांगणारी माणसे आजही गावोगाव भेटतात. ती सांगायला उरली, यात त्या मिलोचाही वाटा आहे. गाजरगवत त्या परदेशी गव्हातूनच आले असे लोक म्हणतात आणि बांधावर ते दिसले की अजून शिव्या घालतात. पण गव्हाला शिवी कुणी दिल्याचे ऐकिवात नाही. पोटात आग पडलेली असताना धान्याची जात विचारू नये, हे आपल्या माणसांना कुणी शिकवावे लागले नाही.

मात्र तो गहू आला होता तुटीच्या वर्षात, घरात काही नव्हते म्हणून. आता बाहेरचा माल येतो तो अनेकदा घरचा माल खळ्यावर असताना. आमची खरी तक्रार या वेळेबद्दल आहे.

तुरीची गोष्ट आठवावी. 2015 साली तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली. शहरांत ओरड झाली, ती रास्तही होती. सरकारने मोझांबिकशी 2016 च्या जुलैत करार केला, टप्प्याटप्प्याने आयात वाढवत नेण्याचा. त्याच मोसमात इथल्या शेतकऱ्याला सांगण्यात आले, तूर लावा. त्याने लावली, पाऊसही झाला. 2017 च्या उन्हाळ्यात काय झाले ते विदर्भ-मराठवाड्यातल्या खरेदी केंद्रांवर रात्री काढलेल्यांना विचारा. हमीभाव 5,050, बाजार त्याच्या खूप खाली, केंद्रावर बारदाना नाही, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत. देशात तूर मावत नव्हती आणि बाहेरची तूर येत होती. आयातीवर मर्यादा आली ती त्या वर्षीच्या ऑगस्टात, शेतकऱ्याचा माल बहुतेक विकून झाल्यावर.

सोयाबीनचे 2021 असेच. त्या उन्हाळ्यात भाव चढत गेला आणि पावसाळ्यात दहा हजारांच्या वर पोहोचला. अर्थात त्या वेळी शेतकऱ्याच्या घरात दाणा नव्हता, भाव होता तो साठवणाऱ्याचा. नवे पीक शेतात उभे असताना, ऑगस्टमध्ये, कोंबडीखाद्यासाठी 12 लाख टन जनुकबदल सोयापेंडीच्या आयातीला मुभा मिळाली. मग तेलावरचे शुल्क उतरले, साठ्यावर मर्यादा आली, डिसेंबरात वायदेबाजारही थांबवला गेला. दहा हजारांचे स्वप्न पाहत खते-औषधे घातलेल्याने पाच हजारांच्या आसपास माल विकला. 2024 च्या सप्टेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ शुल्क बसले. 2025 च्या मे महिन्याअखेर, पेरणीची तयारी चाललेली असताना, ते दहावर आले. शुल्क वाढवावे की कमी करावे याबद्दल दोन मते असू शकतात. पण शेतकरी जूनमध्ये पेरतो आणि ऑक्टोबरात विकतो; मधल्या चार महिन्यांत त्याला पीक बदलता येत नाही. दिल्लीतल्या अधिसूचनेला मात्र मध्यरात्रीचा मुहूर्तही चालतो.

याच्या दुसऱ्या बाजूला आपले स्वतःचे अपयशही आहे आणि ते झाकू नये. महाराष्ट्रात हेक्टरी दहा-बारा क्विंटल सोयाबीन निघाले तर बरे झाले म्हणतात. ब्राझीलमध्ये तीसच्या पुढे निघते. एवढी तफावत असताना नुसत्या शुल्काच्या भिंतीवर कायमचे रेलून राहता येणार नाही. बियाणे, संशोधन, पाण्याचा निचरा, यांत पैसा घातला नाही तर भिंतीच्या आत महागाई आणि बाहेर स्वस्ताई असेच राहील, आणि भिंतीच्या आत राहणारा गरीब आम्हाला विचारील की माझ्या कढईवर हा कर का? त्याचा प्रश्न चूक नाही. 1986 मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता, हे आज सांगितले तर दंतकथा वाटते. 1994 पासून पामतेलाची आयात खुली झाली, पुढच्या चार वर्षांत शुल्क 65 वरून 15 टक्क्यांवर आले. मोहीम विसरली गेली, सवय राहिली. त्या सवयीची किंमत 2022 मध्ये एकदम कळली. युक्रेनमधल्या युद्धाने सूर्यफूल तेल अडले आणि एप्रिलअखेरीला इंडोनेशियाने जवळपास महिनाभर पामतेलाची निर्यातच बंद केली.

त्याच वर्षीच्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने ‘आनंदाचा शिधा’ काढला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. योजना चांगली होती, ज्यांच्या घरी ती पिशवी वेळेत पोहोचली त्यांनी दुवाच दिला असेल. पण सोयाबीन पिकवण्यात देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असणाऱ्या राज्याने आपल्या गरिबाच्या दिवाळीसाठी पामतेल निवडले. इथे निवड करणारा फाटक्या खिशाचा नव्हता. त्याच्यापुढे निविदा होती, वेळ होता, गोदामे होती, आणि त्याच्याच हद्दीतल्या आडत बाजारांत नवे सोयाबीन गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. पुढे त्या पिशवीत सोयाबीन तेल आले. ते कुठल्या दाण्याचे, हे कुणी विचारले नाही.

विचारायला हवे होते. हमीभावाने घेतलेले सोयाबीन गोदामात ठेवून वर्षभराने तोट्यात व्यापाऱ्यालाच विकण्यापेक्षा, ते राज्यातल्याच कारखान्यात गाळून रेशनवर आणि शाळांच्या पोषण आहारात का जाऊ नये? खर्च येईल. तो खर्च तिजोरीने सोसायचा आहे, दिवाळीची यादी घेऊन उभ्या असलेल्या बाईने नव्हे. तेलावरचे शुल्क मेमध्ये सांगून टाका आणि नवा माल बाजारातून हलेपर्यंत त्याला हात लावू नका. मूळ देशाचे नाव पाकिटावर ठसठशीत छापा. मग खुशाल स्वदेशीच्या पाट्या लावा. माणसे वाचतील आणि आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरवतील. अगदी थोड्यांना परवडेल, हे आम्हाला ठाऊक आहे. एरवी वर्षभर पामतेल वापरणारी बाई लक्ष्मीपूजनाच्या करंज्यांपुरते शेंगदाण्याचे अर्धा लिटर आणते, तशी.

लातूरहून परतलेल्या माणसाने सगळेच सोयाबीन विकलेले नाही. एक पोते बियाण्यासाठी बाजूला ठेवले आहे. दाणा भिजलेला होता, म्हणून भरवसा नाही. फराळाची कढई उतरली की तो त्यातले शंभर दाणे मोजून घेईल, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडील, गुंडाळून सावलीत ठेवील आणि रोज पाणी शिंपडील. सत्तर उगवले तर पोते ठेवायचे, पन्नासच उगवले तर तेही बाजारात न्यायचे आणि जूनमध्ये पिशवीचे बियाणे विकत आणायचे. आठवडाभरात त्याला ते कळेल. भाऊबिजेला बहीण येईपर्यंत गोणपाट ओसरीच्या कोपऱ्यात तसेच असेल.