सोपी म्हणजे किती सोपी?

पाऊस ओसरला की सहलींची पत्रके येऊ लागतात. सांदण दरी, नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी, नदीकाठची रानफेरी. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते : ‘श्रेणी – सोपी ते मध्यम’. ही ओळ लिहिणारा बहुधा तिशीच्या आतला, गुडघे शाबूत असलेला आणि ती वाट कैकदा तुडवलेला असतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना किंवा बाबागाडी ढकलणाऱ्या आईबापांना त्या ओळीतून काहीच कळत नाही. मग ते फोन करतात. पलीकडून एकतर “या हो, आपली पोरं आहेत, उचलून घेऊ” असे उत्तर येते, नाहीतर “तुम्हाला नाही जमायचं” असे. दोन्ही उत्तरांमागे भावना चांगली असते. पण जायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क दोन्ही वेळा त्या माणसाच्या हातून गेलेला असतो.

‘सर्वांसाठी वाटा’ हा विषय निघाला की आपली चर्चा थेट काँक्रीट, रॅम्प आणि निधी यांच्यावर जाते आणि निधी नाही म्हणून तिथेच संपते. आमचे म्हणणे असे की बांधकामाच्या आधी मोजणी हवी, आणि मोजलेले जसेच्या तसे सांगायला हवे. हे काम वनरक्षक, स्थानिक वाटाडे, गिर्यारोहण संस्था आणि भूदृश्य रचनाकार यांना आज सुरू करता येईल.

सांदणचेच घ्या. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची ही बेसाल्टातली अरुंद घळ. दोन्ही बाजूंना उभे कातळ, तळाशी धोंड्यांचा खच, वाटेत पाण्याचे डोह आणि पुढे कोकणाकडे उतरायचे तर दोर हवाच. गावापासून घळीच्या तोंडापर्यंतची चाल, धोंड्यांतली चाल, डोहापलीकडचा टप्पा आणि दोराचा उतार अशा चार निरनिराळ्या वाटा एकाच नावाखाली जाहीर होतात. ऐकू न येणारा अनुभवी तरुण हे चारही टप्पे पार करील. त्याला म्होरक्याचा चेहरा आणि हातवारे दिसले म्हणजे झाले, शिट्टीची गरज नाही. दृष्टिहीन पण कातळावर हात बसलेली मुलगी धोंड्यांतून डोळस पाहुण्यांपेक्षा सफाईने जाऊ शकेल. मधुमेहाने तळपायांची संवेदना गेलेला, दिसायला ठणठणीत गृहस्थ मात्र डोहाच्या निसरड्या काठावरच अडकेल. यांतल्या कुणाला ‘सोपी’ आणि कुणाला ‘कठीण’ म्हणणार? घळीत पायऱ्या खोदा, असे आम्ही मुळीच सुचवत नाही. सांदण आहे तशीच राहावी. टप्प्यागणिक माहिती दिली तर कुठपर्यंत यायचे हे ज्याचे तो ठरवील. घळीच्या तोंडापर्यंतच येणाऱ्यासाठी तीच पूर्ण सहल असेल.

मोजायचे काय, याचा चांगला नमुना अमेरिकेच्या अ‍ॅक्सेस बोर्डाने २०१३ साली संघीय जमिनींवरच्या वाटांसाठी घालून दिला. वाटेच्या तोंडाशी फलकावर पाच गोष्टी हव्यात : लांबी, पृष्ठभाग कशाचा, रुंदी, चढ, आणि आडवा कल. रुंदी सर्वसाधारण किती आणि कमीत कमी किती, चढ व कल सर्वसाधारण किती आणि जास्तीत जास्त किती, असे दोन-दोन आकडे. चढाचा हिशेबही व्यवहारी आहे. १:२० पर्यंतचा चढ कितीही लांब चालतो. १:१२ चा सलग ६१ मीटर, १:१० चा ९ मीटर आणि १:८ चा अवघा ३ मीटर. त्यापुढे विसाव्याची सपाट जागा हवी. आडव्या कलाकडे आपले वाटा बांधणारे सर्वांत कमी लक्ष देतात. पाणी निघून जावे म्हणून वाट उताराच्या अंगाला झुकती ठेवायची, हे आपण शिकलेलो असतो. पण १:२० पेक्षा जास्त झुकलेल्या वाटेवर खुर्ची सतत उताराकडे ओढली जाते आणि ती सावरणारा हात समोरच्या चढापेक्षाही लवकर दमतो.

या मोजणीसाठी दोन माणसे, एक टेप, एक पाणसळ आणि फोनमधला कोनमापक पुरतो. अमेरिकी फलकावर नसलेले सहावे माप मात्र आपल्याला लागेल : महिना. गोदावरीकाठची काळी माती पावसाळ्यात चाकांना थराथराने चिकटते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यांत कुबडीचे टोक आणि खुर्चीची पुढची लहान चाके फसतात. कोकणातला कोरडा जांभा पायाला धरून ठेवतो, श्रावणात त्यावर शेवाळ चढले की तोच घसरवतो. सांदणच्या घळीतून तर पावसाळ्यात पाण्याचा लोंढाच वाहतो. ‘मुरूम दाबलेली वाट, डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडी’ एवढे सहा-सात शब्द ‘सोपी’पेक्षा कितीतरी अधिक सांगतात.

पाणथळीवर प्रश्न बदलतो. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवेचे पाणी बंधाऱ्याने अडले, मागे गाळ साचत गेला आणि त्या गाळावर पाणवनस्पती व पक्षी यांचे राज्य उभे राहिले. रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातले हे पहिले स्थळ. पाणथळीवर पक्षी पाहायचे म्हणजे निरीक्षण मनोरा, ही आपली ठरलेली कल्पना. आणि मनोरा म्हटला की जिना आला. त्याऐवजी जमिनीलगतची आडोशाची खोली बांधून तिला निरनिराळ्या उंचीवर खिडक्या ठेवल्या तर खुर्चीवरच्या माणसाची, लहान मुलांची आणि जिना न चढवणाऱ्या ज्येष्ठांची सोय एकाच खर्चात होते. बसलेल्या प्रौढाची नजर जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असते. कठड्याचा वरचा दांडा आपण बहुतेक वेळा तिथेच बसवतो आणि बसलेल्या माणसाला बगळ्याऐवजी लोखंडी नळी दाखवतो.

काँक्रीटची वाट हा पर्याय अशा ठिकाणी कायद्यानेच बाद केला आहे. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ प्रमाणे नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, बोटींचे धक्के वगळता, कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. ही अडचण नव्हे, चांगल्या रचनेची अट आहे. वन विभागाच्या संमतीने, काढता-घालता येणाऱ्या फळ्यांची वाट हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या बसवा, उभ्या बसवल्या तर फटीत चाक जाते. दोन फळ्यांमधली फट १२ मिलिमीटरच्या वर नको. कडेला चाक अडेल आणि काठीला लागेल अशी पट्टी हवी.

नदीकाठच्या रानात सपाटीकरणाचा मोह आवरावा लागतो. करंज, उंबर, अर्जुन, वाळुंज यांच्या मुळांनी काठ धरून ठेवलेला असतो. मुळांवर भराव टाकून तो दाबला की त्यांची हवा तुटते आणि झाड हळूहळू वाळू लागते. म्हणून वाटेनेच झाडाला वळसा घालावा. डोक्यावरच्या फांद्या २.१ मीटरपर्यंत छाटाव्यात, कारण पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, कपाळाच्या उंचीवरचा सांगत नाही. आणि सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी पूररेषा नकाशावर पाहिल्याशिवाय एकही बाक रोवू नये. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या काँगरी राष्ट्रीय उद्यानात पूरमैदानाच्या जंगलातून सुमारे चार किलोमीटरची फळ्यांची वाट जमिनीपासून उचलून नेली आहे. मुळांना धक्का नाही आणि खुर्चीला अडथळा नाही, अशी रचना करता येते हे तिथे दिसते.

“सगळेच आले तर रान रान राहील का?” हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. गर्दी रील्समुळे येते आणि ती धडधाकटांची असते. मापांचा फलक एकही जास्तीचा माणूस ओढून आणत नाही. आलेल्यातल्या कुणाला कुठे थांबायचे ते सांगतो आणि बचाव पथकाच्या फेऱ्या वाचवतो. ‘उचलून घेऊ’ म्हणणाऱ्यांशीही आमचे भांडण नाही. अजिंठ्याला डोली आहेच. फ्रान्समध्ये जोएल क्लोडेल या पर्वतीय वाटाड्याने १९८७ साली आपल्या भाच्याला डोंगरात नेता यावे म्हणून एका चाकाची जोएलेट खुर्ची तयार केली. उचलण्याचेही तंत्र असते आणि शिकलेली माणसे लागतात. मुख्य म्हणजे आधी विचारावे लागते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनातला त्यांचा समान हक्क मान्य केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके निव्वळ शिफारशी राहू नयेत, बंधनकारक व्हावीत, असे स्पष्ट केले. निसर्गवाटा यातून सुटतील असे कुणी समजू नये.

सुरुवात आमच्यापासून करतो. पुढच्या अंकापासून या मासिकातल्या सहलवृत्तांत आणि जाहिरातींत श्रेणी छापली जाणार नाही. त्याऐवजी लांबी, पृष्ठभाग, रुंदी, चढ, आडवा कल आणि महिना ही सहा मापे छापू. शिवाय स्वच्छतागृह कुठे आहे आणि एसटी कुठपर्यंत जाते, तेही. ज्या संस्थांना मापे देता येणार नाहीत त्यांनी ‘मोजलेली नाही’ असे कळवावे. आम्ही तेही छापू.