व्यवस्थापकांना पाण्याचे शास्त्र

कुंभिवलीसह खालापूर तालुक्यातील कारखान्यांत सांडपाण्याच्या अहवालावर स्वाक्षरी करणारा व्यवस्थापक वाणिज्य शाखेचाही असू शकतो. मात्र 1974 चा जल प्रदूषण कायदा कंपनीच्या कारभाराची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला उत्तरदायी धरतो. अशा व्यवस्थापकाला रसायनांची सूत्रे नव्हे, तर अहवालातील आकड्यांचा अर्थ शिकवला पाहिजे. जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, नदीत सोडायच्या सांडपाण्यात सर्वसाधारणपणे लिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. ती वाढल्यास पाताळगंगा नदीतील मासे गुदमरतील, आणि चाचणीला तीन दिवस लागत असल्याने निष्कर्ष येईपर्यंत ते पाणी वाहून गेलेले असेल. निष्कर्षाची वाट न पाहता बिघाड जागीच ओळखता यावा, म्हणून उद्योगांनी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे प्रशिक्षण प्रत्यक्ष सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावरच द्यावे.